मागितलेला वळीव

चैत्र सरता सरता आभाळ भरून यावे, घटकाभर वारा सुटावा, टपोऱ्या थेंबांनी धूळ बसावी आणि मातीचा गंध दरवळावा, हा कोल्हापूरकरांच्या परिचयाचा वळीव. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, अरबी समुद्राकडील बाष्प तिला मिळते आणि दुपार कलताच गडगडाटी ढग उभे राहतात. मशागतीला ओल देणारा हा पाहुणा शेतकऱ्याला प्रिय. परंतु अलीकडे तो वेळकाळ पाहून येत नाही, आणि त्याच्या आधी येणारा उन्हाळाही पाहत नाही.

२०२२ साली राखेचा बुधवार २ मार्चला आला. तो मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचा दाणा भरण्याआधीच सुकला आणि १३ मे रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. त्यापूर्वी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीने उभी पिके झोडपली होती. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. होरपळ आणि गारा एकाच घरच्या, असे म्हणावे लागते.

अशाच एका तापलेल्या उपवासकाळात आम्ही मिस्सेतील भाविकांच्या प्रार्थनेत पाऊस मागितला. खरे सांगायचे तर कित्येक रात्री आम्हालाच झोप नव्हती. दोन दिवसांनी सायंकाळी वळीव कोसळला. खिडकीत उभे राहून आम्ही समाधानाने देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी गडमुडशिंगीत एका आजारी आजींना ख्रिस्तशरीर देऊन परतताना वाटेत वीटभट्टी लागली. वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा चिखल होऊन पडल्या होत्या. एक बाई दोन्ही हातांनी तो चिखल गोळा करीत होती. आम्ही विचारले, "फार नुकसान झालं का, बाई?"

"आठ दिसांचं काम गेलं, बाबा. देवाची मर्जी, दुसरं काय?"

तो पाऊस आम्हीच मागितला होता, हे तिला सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

रविवारी प्रवचनात मात्र सांगितले. मिस्सेनंतर एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "फादर, आमच्या गुऱ्हाळाचं जळणही भिजलं. चिपाडं वाळेपर्यंत चुलाण बंद. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हवामान हे सर्वांचे सामाईक हित असल्याचे म्हटले आहे. ते आम्ही वाचले होते, शिकविलेही होते. पण आभाळ सामाईक असले तरी छप्पर सर्वांना सारखे नसते, हे त्या चिखलाने शिकविले.

त्या आठवड्यात तरुणांनी वर्गणी काढून भट्टीवर ताडपत्र्या पोहोचविल्या. पाऊस आम्ही आजही मागतो. मात्र मागण्याआधी कोणाच्या अंगणात काय वाळत पडले आहे, याची चौकशी करतो.