हेलसिंकी मानवेल का?

समजा, उद्या संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "आपल्याला परदेशात राहायला जायचंय!" तर तुम्ही काय कराल? उड्या माराल? मैत्रिणीला फोन कराल? की गुपचूप जाऊन आजीजवळ बसाल?

आमच्या घरी हे खरंच घडलं. माझ्या लेकीच्या बाबांना हेलसिंकीहून नोकरीचं बोलावणं आलं. हेलसिंकी म्हणजे फिनलंडची राजधानी. नकाशा काढा बरं! युरोपात अगदी वरच्या अंगाला, स्वीडन आणि रशिया यांच्या मध्ये फिनलंड सापडेल. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, बाल्टिक समुद्राच्या काठी हे शहर वसलंय. आपलं पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, तर हेलसिंकी साठ अंशांवर. हा साठचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

लेक सातवीत आहे. तिनं बर्फाची आणि दिव्यांनी सजलेल्या रस्त्यांची छायाचित्रं पाहिली आणि दहा मिनिटांत निकाल देऊन टाकला, "मला आवडलं. जाऊ या!"

आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आवडणं वेगळं आणि मानवणं वेगळं. फणस आवडतो सगळ्यांना, मानवतो का सगळ्यांना? आधी चार दिवस राहून या. आणि हो, शहर नटलेलं असताना जाऊ नका. लग्नाच्या दिवशी बघून घर कळत नसतं!"

उत्तर द्यायला दोन महिन्यांची मुदत होती. साठवलेल्या पैशांतून तिकिटं काढली आणि मुद्दाम नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचं ठरवलं. मुद्दाम का? तर जून-जुलैमध्ये हेलसिंकीत जवळजवळ एकोणीस तासांचा दिवस असतो. बागा फुललेल्या, समुद्र निळाशार. तेव्हा ते शहर कुणालाही आवडेल! पण नोव्हेंबरात झाडांवर पानं नाहीत आणि जमिनीवर धड बर्फही नाही. आहे तो पाऊस, चिखल आणि अंधार. फिनिश भाषेत नोव्हेंबरला 'मार्रासकू' म्हणतात. 'कू' म्हणजे महिना आणि 'मार्रास' हा मरणाशी नातं असलेला जुना शब्द. आता बोला!

निघण्यापूर्वी आम्ही चौघांनी एकेका चिठ्ठीवर एकेक प्रश्न लिहिला. बाबांनी लिहिलं, 'काम करून घरासाठी किती वेळ उरेल?' मी इथे शाळेत मराठी शिकवते, म्हणून मी लिहिलं, 'मी तिथे काय करीन?' लेकीनं लिहिलं, 'मला बोलायला कुणी मिळेल का?' आणि आजींनी लिहिलं, 'म्हातारं माणूस तिथे एकटं रस्त्यावर येऊ-जाऊ शकतं का?' चारही चिठ्ठ्या मी पाकिटात ठेवल्या.

पहिला दिवस मात्र आम्ही पाहुण्यांसारखा घालवला. १९१९ साली बांधून झालेलं रेल्वे स्टेशन पाहिलं. त्याच्या दाराशी दगडाचे चार धिप्पाड पुरुष हातात गोल दिवे धरून उभे आहेत. हिरव्या घुमटांचं पांढरंशुभ्र कॅथेड्रल पाहिलं. मग होडीनं सुओमेनलिन्ना या सागरी किल्ल्यावर गेलो. फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता तेव्हा, १७४८ साली हा किल्ला बांधायला घेतला. गंमत म्हणजे तिथे आजही सुमारे आठशे माणसं राहतात, आणि ट्रामचं तिकीट त्या होडीलाही चालतं! लेकीनं घरी फोन करून सांगितलं, "आजी, एकदम मस्त आहे!" पलीकडून आजी म्हणाल्या, "बरं. आता उद्यापासून बघायला लागा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिथले रहिवासी झालो. काल्लियो नावाच्या भागात आठवडाभरासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. सकाळी सातचा गजर लावला. बाबा ऑफिसच्या वेळेला ट्रामनं निघून नव्या कचेरीपर्यंत जाऊन आले, घड्याळ लावून! मी आणि लेक भाजी आणायला गेलो. जवळच हाकानिएमीचा मंडईचा हॉल आहे. ती इमारत १९१४ सालची, लाल विटांची. आसपासच्या आशियाई दुकानांत तूरडाळ मिळाली, पोहे मिळाले. कोथिंबीर पाहून तर हसूच आलं. जुडी नाही, चक्क छोट्या कुंडीत लावलेलं रोप! किंमत पाहिल्यावर मात्र हसू थांबलं.

तिसऱ्या दिवशी ट्रामची वाट बघताना लेक एकाएकी रडायला लागली. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि रात्र झाली होती! "आई, तीन दिवसांत सूर्य दिसलाच नाही गं. कुठे गेला तो?"

आता तो साठचा आकडा आठवा. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाचं टोक सूर्यापासून दूर कललेलं असतं. म्हणून जितकं उत्तरेला जावं, तितका दिवस लहान आणि सूर्य खाली. एक प्रयोग करा. हात समोर ताठ धरून मूठ वळा. ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा भाग झाकते. नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पाच मुठी वर असतो. हेलसिंकीत? एक मूठसुद्धा नाही! सकाळी पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेतीनपर्यंत मावळतोसुद्धा. त्यात आकाश ढगांनी भरलेलं. डिसेंबरात तर सगळ्यांत लहान दिवस सहा तासांचाही नसतो.

मग तिथली माणसं राहतात कशी? ते बघणं हाच आमचा अभ्यास झाला. अंधारात चालणारी माणसं तिथे अंगावर चकाकणारी पट्टी किंवा पदक लावतात. मोटारीचा दिवा पडला की ते लखकन चमकतं. सकाळी शाळेला निघालेल्या मुलांच्या कोटांवर, दप्तरांवर चांदण्या, अस्वलं, मासे लटकताना दिसतात. जणू काजवेच चाललेत! ऊन नाही म्हणून दुधात डी जीवनसत्त्व घालतात. पोहण्याचे तलाव इमारतींच्या आत असतात. आणि सौना! लाकडाच्या खोलीत गरम दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची. पुष्कळ इमारतींत भाडेकरूंसाठी सामाईक सौना असतेच. अंधार कुणी घालवू शकत नाही, पण त्याची तयारी करता येते, हे लेकीला तिथे कळलं. रडू मात्र लगेच थांबलं नाही, तेही सांगायला हवं.

चौथ्या दिवशी शेजारच्या एस्पो शहरात एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो. मी त्या काकूंना विचारलं, "काय चांगलं आहे ते सगळेच सांगतात. तुम्हाला सगळ्यांत जड काय गेलं, ते सांगा." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पहिला हिवाळा. आणि भाषा." त्यांच्या मुलानं शाळेची माहिती दिली. तिथे सात वर्षांची झाली की मुलं पहिलीत जातात. शिक्षण, पुस्तकं आणि दुपारचं गरम जेवण फुकट. हे जेवण तिथल्या सगळ्या शाळांत १९४८ सालापासून देतात. नवं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. पण ज्याला फिनिश येत नाही, त्याला आधी साधारण वर्षभर तयारीच्या वर्गात बसावं लागतं. लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या वर्गातल्या मैत्रिणी आठवीत, आणि मी मुळाक्षरं गिरवणार?"

तो दादा हसला. म्हणाला, "मराठीवाल्यांना एक सोपं आहे. आपण 'घर' म्हणतो, मग 'घरात', 'घरातून'. त्यांचंही तसंच! 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून. आणि लिहिलेलं असेल तसंच वाचायचं." "मग अवघड काय?" लेकीनं विचारलं. "अशा विभक्ती पंधरा आहेत!"

सहाव्या दिवशी लेक म्हणाली, "मी एकटी वाचनालयात जाऊन येऊ?" बारा वर्षांची पोर, परका देश! पण तिच्याहून लहान मुलं एकटी ट्राममध्ये चढताना आम्ही रोज बघत होतो. पुण्यात चौकातला रस्तासुद्धा मी तिला एकटीला ओलांडू देत नाही. तरी तिला जाऊ दिलं. खरं सांगू? मी मागच्या ट्राममध्ये होते!

ते वाचनालय म्हणजे ओदी. २०१८ साली डिसेंबरात, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ते उघडलं, तेही संसदेच्या बरोबर समोर. वरच्या मजल्यावर पुस्तकं आहेत, तर मधल्या मजल्यावर शिलाई मशिनं, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या आणि वस्तू छापून देणारी यंत्रंही! लेक एका टेबलाशी बसली. समोर तिच्याच वयाची मुलगी होती. अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही. मग त्या मुलीनं काही न बोलता आपलं दप्तर बाजूला सरकवून जागा करून दिली. आणखी थोड्या वेळानं तिनं इंग्रजीत विचारलं, "तू कुठली?" परत आल्यावर लेकीनं आपल्या चिठ्ठीमागे उत्तर लिहिलं, 'बोलतात. पण घाईनं नाही.'

बाबांच्या चिठ्ठीचं उत्तर चांगलं निघालं. कचेरी ट्रामनं पंचवीस मिनिटांवर, आणि चार-साडेचारला माणसं घरी निघालेली. माझं उत्तर कडू होतं. फिनिश येत नसताना शाळेत शिकवण्याची नोकरी मला मिळणार नव्हती. पुरेशी मुलं जमली तर तिथे मुलांच्या मातृभाषेचे वर्ग घेतात, हे ऐकून जरा बरं वाटलं. पण तेवढ्यावर पूर्ण नोकरी होत नाही.

आणि आजींची चिठ्ठी? एका सकाळी पाणी गोठून रस्ता काचेसारखा झाला होता. नगरपालिकेची माणसं त्यावर बारीक खडी पसरत होती. एक आजीबाई बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून, चाकांची चौकट ढकलत सावकाश दुकानात गेल्या आणि पिशवी भरून परत आल्या. मी फोनवर आजींना ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सोबत कुणी होतं का गं तिच्या?" मी म्हटलं, "नाही." आजी "हं" एवढंच म्हणाल्या. आजींना तिथे कायमचं नेणं नियमांमुळे फार अवघड आहे, हे आम्हाला तोवर कळलं होतं. पाहुण्या म्हणून त्यांना एका वेळी फार तर नव्वद दिवस राहता येईल. ते फोनवर सांगायचा धीर मला झाला नाही. घरी आल्यावर समोर बसून सांगितलं.

मित्रांनो, जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षं फिनलंडचा पहिला नंबर होता. पण ती तिथल्या लोकांची उत्तरं! आपलं उत्तर आपल्याच चिठ्ठीमागे लिहावं लागतं.

मग ठरलं काय? चारही चिठ्ठ्या पुण्यात जमिनीवर मांडल्या. दोन उत्तरं बरी, दोन अवघड. शेवटी आजीच म्हणाल्या, "पूर्ण मानवेल असं गाव कुठलंच नसतं. काय सोसायचंय ते ठाऊक असलं, की पुष्कळसं सोसतं. जा. मी तुमच्या आत्याकडे राहीन, आणि तो सूर्य अकरापर्यंत मावळत नाही ना, तेव्हा येईन बघायला!"

येत्या ऑगस्टमध्ये, तिथलं शाळेचं वर्ष सुरू होताना आम्ही निघतोय. मी वर्षभराची बिनपगारी रजा घेतलीय. इथलं घर मोडायचं नाही. तिथला एक अख्खा हिवाळा काढायचा आणि मग चिठ्ठ्या पुन्हा उघडायच्या. लेक रोज आजीला फिनिशचा एक शब्द शिकवते. आजी तो मुद्दाम चुकवतात, असा माझा संशय आहे.

आणि तुम्ही? परदेशच कशाला, बाबांची किंवा आईची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली तरी हे करून बघा. नागपूर मे महिन्यात बघा, कोकण जुलैत बघा. शाळेच्या वेळेला शाळेच्या रस्त्यानं चाला. 'सगळ्यांत जड काय गेलं?' हे तिथल्या मुलांनाच विचारा. घरातल्या प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्या. आणि जे बरोबर येणार नसतील, त्यांची चिठ्ठी सगळ्यांत आधी उघडा, बरं का!