कूलरसमोरचा कागद

मॅटचा डावीकडचा खालचा कोपरा फिका आला होता आणि ते मला स्पष्ट दिसत होतं. 31 मे होता. शाळेतले एक सर त्या दिवशी निवृत्त होणार होते आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी फोटो छापलेली माउस मॅट सांगितली होती. सरांचा चेहरा बरा आला होता, नावही वाचता येत होतं. मागे घातलेल्या योगेश्वरीच्या मंदिराच्या पायऱ्या तेवढ्या एका बाजूला विरून गेल्या होत्या. कार्यक्रमाला तासभर उरला होता. मॅट न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "झाली का हो ताई?" मी मॅट पिशवीत घातली, पिशवीच्या तोंडाला दोन स्टेपल मारले आणि पूर्ण पैसे घेतले. बाईंनी दुकानात पिशवी उघडून बघू नये, म्हणून ते स्टेपल होते.

अंबाजोगाईत माझं झेरॉक्स, फोटो आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. कप, मॅट, कीचेन छापायचं मशीन मी नंतर घेतलं. शिकले ते मोबाइलवर व्हिडिओ बघून. हौस होती आणि धीर नव्हता, तेव्हा पहिली चूक पहिल्याच महिन्यात झाली. एका बचत गटाच्या महिलांना मी सुती पिशव्यांवर नावं छापून दिली. दिसायला छान दिसली. पहिल्याच धुण्यात अक्षरं इतकी उतरली की गटाच्या अध्यक्ष मावशींनी ती पिशवी माझ्या टेबलावर नुसती पसरून ठेवली, बोलल्या काहीच नाहीत.

आमच्याच गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं आणि चारशे वर्षांनंतरही ते वाचता येतं. शाळेतून आम्हाला ती दाखवायला नेलं होतं. मग माझी अक्षरं आठ दिवस का टिकू नयेत? कारण माझ्या मशीनची शाई सुती कापडावर बसायची शाईच नाही. शाळेच्या पुस्तकातला संप्लवन हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा खरा कळला. आरतीतला कापूर जसा मागे काही न ठेवता उडून जातो, तसा प्रिंटरने कागदावर छापलेला हा रंग, तो कागद वस्तूवर ठेवून मशीनच्या गरम प्लेटखाली दाबला की, घनातून सरळ वाफ होतो. ती वाफ पॉलिस्टरच्या तापून सैल झालेल्या धाग्यात शिरते, आणि धागा निवला की आत कोंडून राहते. सुताच्या धाग्यात तिला अशी जागाच मिळत नाही, ती वरवर चिकटून राहते. माउस मॅट वरून पांढऱ्या पॉलिस्टरच्या कापडाची आणि खालून रबराची असते, म्हणून ती चालते. पिशव्यांचे पैसे मी परत दिले. ही चूक मला लवकर समजली, कारण तिचा दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नव्हता.

माउस मॅटच्या वेळी मात्र टाकता येत होता, आणि मी टाकला.

मेच्या सुरुवातीला एका एमएस-सीआयटी केंद्राची 40 मॅटची ऑर्डर आली होती. माझ्यासाठी फार मोठी. मशीनवर 190 अंश आणि 60 सेकंद लावून मी सुरुवात केली. दिवसभर दुकानात गर्दी असायची, म्हणून छपाई संध्याकाळी सातनंतर. पहिल्या काही मॅट फिक्या. मग अंश वाढवले, तर पुढच्या मॅटचं कापड पिवळट पडलं, रबराचा वास सुटला आणि कडा पापडासारख्या वळल्या. काहींवर नावाला सावली आली, जणू तेच अक्षर जरा सरकवून पुन्हा छापलंय. काहींवर आकाशाच्या निळ्या रंगात पाण्याचे शिंतोडे पडल्यासारखे डाग. मुदत जवळ आली तेव्हा सगळ्या 40 देऊन टाकल्या. चार दिवसांनी केंद्राच्या सरांनी त्यातल्या 17 परत पाठवल्या, सोबत चिठ्ठी होती: "पोरं विचारतात, नाव दोनदा का छापलं?"

मी शाईवाल्याला फोन करून खूप बोलले. शाईत भेसळ आहे, असं त्याला सरळ म्हणाले. दुसरीकडून शाई मागवली आणि जुनी संपायच्या आत तिच्यावरच ओतली. दोन शाया मिसळल्या तसा चेहऱ्यांचा रंग तांबूस झाला. मग कागद बदलला. त्याच दिवशी अंश बदलले, सेकंद बदलले, दाबही घट्ट केला. एखादी मॅट चांगली निघायची, पण कशामुळे ते मला सांगता येत नव्हतं. पुढची पुन्हा बिघडायची. 31 मेची मॅट या गोंधळातली आहे.

माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंग करणारे एक चाचा बसतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मशीनचा हीटर गेला असेल म्हणून मी त्यांना बोलावलं. त्यांनी हीटरला हात लावायच्या आधी विचारलं, "छापून झालेला कागद कुठंय?" मी म्हटलं, तो तर फेकून देते. ते म्हणाले, "जळालेली तार बघितल्याबिगर मी कधीच फेकत नाही बेटी. मोटार का जळाली ते तीच सांगते."

कचऱ्याची गोणी दोन दिवसांची तिथेच होती. आम्ही कागद काढून जमिनीवर मांडले. जिथे मॅट फिकी होती, तिथे कागदावर रंग गडद तसाच उरला होता, आणि तो प्रत्येक कागदाचा तोच कोपरा होता. म्हणजे प्रिंटरने रंग दिला होता, शाईतही खोट नव्हती. रंगाची वाफच तिथे झाली नव्हती. नोझल बंद असतं तर कागदावरही तो कोपरा फिका दिसला असता. एवढी साधी गोष्ट ओळखायला लागणारा पुरावा मी महिनाभर रोज गोणीत भरत होते. आणि त्या महिनाभरात एका माणसाला भेसळखोर म्हणून बसले होते.

चाचांनी संध्याकाळी साडेसातला मीटर लावला. गावातले कूलर सुरू झालेले होते. 230 च्या जागी 180 व्होल्ट. ते म्हणाले, "ह्या टायमालाच आमच्याकडं मोटारी येतात." हिशेब त्यांनी मला पाटीवर करून दाखवला. हीटरची ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते, त्यामुळे 180 ला ती जेमतेम साठ टक्के उरते. थंड मॅट ठेवून झाकण दाबलं की मशीनचं तापमान पडतं, आणि ते सावरायच्या आधीच 60 सेकंद संपून घंटा वाजते. मी घंटेवर विश्वास ठेवत होते. पडद्यावरचा 190 चा आकडा तर प्लेटच्या मध्यावर असलेल्या सेन्सरचा होता. त्यात आणखी एक भर. मी कायम एकाच जागी मॅट ठेवायची, म्हणून खालचा सिलिकॉनचा पॅड त्या कोपऱ्यात दबून बसला होता आणि तिथे दाबच पोहोचत नव्हता. दाब कमी पडतोय म्हणून मी हँडल घट्ट करत गेले, त्याने बाकीचं रबर चेपलं आणि कडा वळल्या.

नावाच्या सावलीचं कारण माझा हात होता. घंटा वाजली की मी झाकण झटक्यात उघडायची. हवेच्या ओढीने कागद केसभर उचलला जायचा आणि पुन्हा टेकायचा. रंग तेव्हा अजून वाफेतच असतो, तो दुसऱ्या जागीही शिरतो. उष्णता सोसणारी चिकटपट्टी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. घाई म्हणून लावत नव्हते.

राहिले निळ्यातले डाग. कागदाला ओल लागली की असे डाग पडतात हे मी वाचलं होतं, पण मे महिन्यात आमच्याकडे ओल कुठली? भिंतीसुद्धा कोरड्या ठाक तापलेल्या. मी हे कारण विचारातच घेतलं नाही. एका दुपारी चाचा दुकानात पाणी प्यायला थांबले आणि कागदाच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. गठ्ठा कूलरसमोर होता. उन्हाने खराब होऊ नये म्हणून मीच तो तिथे ठेवला होता, उघड्या पाकिटात, वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात, सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत. गरम प्लेटखाली त्या ओलीची वाफ होत होती आणि रंगाला फोडत होती. सगळ्या चुकांमधली ही मला सर्वांत जास्त लागली. इतर चुका घाईने आणि न कळण्याने झाल्या होत्या, ही मी काळजी घेऊन केली होती.

त्यानंतर एका वहीत लिहायला लागले. तारीख, वेळ, व्होल्ट, अंश, सेकंद, आणि एका वेळी एकच बदल. वापरलेला कागद मॅटचा नंबर टाकून महिनाभर ठेवते. छपाई सकाळी सातला करते. मॅट आधी सात-आठ सेकंद कोरडीच तापवून घेते. घंटेआधी आकड्याकडे बघते, तो 185 ला परत येईपर्यंत सेकंद मोजायला घेत नाही. गरम मॅट शहाबादी फरशीच्या तुकड्याखाली ठेवली की सपाट राहते. कागद डब्यात असतो, कूलरपासून लांब. काळा रंग अजून माझ्या मनासारखा येत नाही. मंदिराच्या दगडाचा फोटो असेल तर जरा जास्त वेळ झाला की तो तपकिरी होतो. त्यावर वहीची अकरा पानं झाली आहेत.

शाईवाल्याला मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या ताई, रोजच ऐकतो." त्या वाक्याने मला बरं वाटलं नाही. केंद्राच्या 17 मॅट नव्याने करून दिल्या.

सरांकडे जायला मला ऑगस्ट उजाडला. नवी मॅट घेऊन गेले आणि स्टेपलचं सगळं सांगितलं. पैसे ज्यांनी दिले होते त्या बाईंना आधीच परत केले होते. सरांनी नवी मॅट हातात घेऊन खिडकीपाशी नेली, पायऱ्या नीट बघितल्या, म्हणाले, "ही फार सुरेख झालीय." जुनी परत द्याल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही, ती त्या दिवशी सगळ्यांनी मिळून हातात दिलेली आहे."

नवी त्यांच्या कपाटात आहे. टेबलावर नातवाच्या माउसखाली ती फिकीच आहे. पेन्शनच्या कामाचे कागद द्यायला अधूनमधून त्यांच्याकडे जाणं होतं. चहा येईपर्यंत माझी नजर त्या कोपऱ्यावरून हलत नाही.