डचेस, दुभत्याचं कपाट आणि रिमूचे वासे

न्यूझीलंडमधल्या बऱ्याचशा मराठी घरांत एक गोष्ट हमखास दिसते. दिवाणखान्यात हप्त्याने घेतलेलं नवंकोरं फर्निचर, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात आधीच्या घरमालकाने मागे ठेवलेलं एखादं लाकडी कपाट. त्याच्यावर रंगाचे डबे, मुलांच्या सायकलीचं चाक आणि भारतातून येताना आणलेली रिकामी सूटकेस. "पुढच्या महिन्यात टाकायचंय" असं त्या कपाटाबद्दल गेली तीन वर्षं चाललेलं असतं. मंडळी, माझं म्हणणं एवढंच की ही मांडणी नेमकी उलटी हवी.

दिवाणखान्यातलं ते नवं कपाट मुळात लाकडाचं नसतंच. भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी, वर लाकडासारखा दिसणारा कागद. ऑकलंडच्या ओल्या हवेत दोन-तीन हिवाळ्यांत तिच्या कडा पुरीसारख्या फुगतात आणि बिजागरीचा स्क्रू निघाला की पुन्हा धरत नाही. गॅरेजमधलं कपाट मात्र बहुधा रिमूचं असतं, नशीब जोरावर असेल तर कौरीचं. रिमूचं झाड शेकडो वर्षं जगतं आणि अतिशय सावकाश वाढतं. ज्या झाडाची ती फळी आहे, ते शिवकाळातही उभं असण्याची शक्यता बरीच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इथल्या घरांचे वासे, लाकडी जमिनी, पलंग, कपाटं सर्रास या देशी लाकडात होत. पुढे लागवडीचा रेडिएटा पाइन आला. १९५२ साली वायपुआचं कौरीचं जंगल संरक्षित झालं, आणि २००२ साली सरकारी जंगलांतली देशी झाडांची तोड थांबली. आता खाजगी जंगलांतून परवान्याने थोडंफार रिमू मिळतं, पण त्याची किंमत विचारून आपण परत येतो. म्हणजे आज कचराडेपोच्या वाटेवर असलेली रिमूची डचेस मोडली, की तशी दुसरी होणं कठीण.

डचेस हा खास इथला शब्द. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राजघराण्यातली एखादी बाई येते. पण इथे डचेस म्हणजे आरसा आणि खण असलेलं शृंगाराचं टेबल. तसाच दुसरा शब्द 'मीट सेफ'. फ्रीज येण्यापूर्वी मांस आणि दूध ठेवायला बारीक जाळीची दारं असलेलं कपाट असे, ते हे. तुम्ही पाहिलंत तर लगेच ओळखाल, कारण ते आपलं दुभत्याचं कपाटच आहे! वर दूध, मधे ताक, खाली लोण्याची बरणी आणि बाहेर जाळीला नाक लावून बसलेलं मांजर. आमच्याकडे असं एक मीट सेफ स्वयंपाकघरात आहे. त्यात कांदे, बटाटे, लसूण ठेवतो. हवा खेळती राहते आणि कोंब उशिरा येतात.

हे सगळं मिळतं कुठे, असं नवी मंडळी विचारतात. हॉस्पिसची दुकानं, साल्व्हेशन आर्मीची दुकानं गावोगाव आहेत, त्यांना सगळे 'ऑप शॉप' म्हणतात. १९९९ साली निघालेलं ट्रेड मी तर घरबसल्या आहेच. पण खरी मजा कचराडेपोत आलेलं सामान विकणाऱ्या दुकानांत. वेलिंग्टनला ओव्हायरो बेच्या डेपोवरचं टिप शॉप, क्राइस्टचर्चचं इकोशॉप, वानाकाचं वेस्टबस्टर्स. ऑकलंडला पूर्वी 'इनऑर्गॅनिक'चा आठवडा असे. अख्खी गल्ली आपापल्या नको असलेल्या वस्तू फुटपाथवर मांडायची आणि ट्रेलर जोडलेल्या गाड्या रात्री उशिरापर्यंत फिरायच्या. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक मराठी संसारांची पहिली खाट अशी फुटपाथवरून आलेली आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. २०१५ पासून महापालिकेची गाडी वेळ ठरवून घरी येऊन सामान नेते आणि त्यातलं वापरण्याजोगं सामाजिक संस्थांकडे जातं. पद्धत जास्त नीटनेटकी आहे खरी, पण जत्रा संपली.

बोलत नाही, कारण जुनं घेणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. आपण जुनं देणारे लोक. बोहारणीला साड्या देऊन पातेलं घ्यायचं, रद्दीवाल्याशी किलोमागे घासाघीस करायची. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हौसेने फिरायचं, पण तिथली खुर्ची घरात आणायची तर शेजारी बघत नाहीत ना, हे आधी पाहायचं. त्यातून परदेशी आलेल्या माणसाला गावाकडे फोटो पाठवायचे असतात. सोफा नवा दिसला पाहिजे! पगारातला मोठा वाटा हप्त्यांत जातो तो बहुतेक या फोटोपायी. इथला गोरा शेजारी मात्र, त्याच्याकडे होडी असली तरी, ऑप शॉपमधली खुर्ची किती स्वस्तात पडली हे बढाईने सांगतो. या देशात 'नंबर आठची तार' ही जवळजवळ राष्ट्रीय अभिमानाची गोष्ट आहे. कुंपणाची चार मिलिमीटरची तार, तिने काहीही दुरुस्त करता येतं अशी इथल्यांची श्रद्धा. आपल्या जुगाडाची ही सख्खी मावसबहीण.

माझी आई इथे आली तेव्हा तिने नेमका प्रश्न विचारला. पलंगावरून हात फिरवत म्हणाली, "अरे, कुणा गेलेल्या माणसाच्या घरातलं तर नाही ना हे?" खरं उत्तर असं की ऑप शॉपमधलं बरंचसं जुनं सामान कुणी वारल्यावर घर रिकामं करतानाच येतं. मी तसं सांगितलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने निकाल दिला, "पलंग राहू दे. माणूस कुठेतरी निजणारच. पण देव्हारा असल्या लाकडाचा करायचा नाही." मग देव्हाऱ्यासाठी आम्ही घरं पाडून निघालेलं लाकूड विकणाऱ्या वखारीत गेलो. तिथल्या फळ्यांच्या ढिगाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, कारण त्या जमिनीच्या, त्यांच्यावरून लोक चाललेले. तिने निवडले ते छपराखालचे वासे. "त्यांना कुणाचा पाय लागलेला नसतो." आमचा देव्हारा त्या रिमूच्या वाशांचा आहे. रंधा मारल्यावर आतून जो तांबूस रंग निघाला, तो पाहून तिने स्वतःच जवसाचं तेल चोळायला घेतलं.

माझं एम. ई. क्राइस्टचर्चला झालं, तेही इमारती आणि भूकंप याच विषयात. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथे १८५ माणसं गेली आणि पुढे हजारो घरं पाडली गेली. जमीन खचल्यामुळे सरकारने 'रेड झोन' ठरवले, तिथली उभी, धडधाकट लाकडी घरंही गेली. यंत्राने घर पाडायला एखाद-दोन दिवस लागतात आणि उरतो तो नुसता चुरा. त्या काळात ज्युलिएट अर्नॉट या बाईंच्या पुढाकाराने न्यू ब्रायटनमधलं एक घर २०१३ साली हाताने, खिळा न् खिळा काढत सोडवलं गेलं. 'होल हाउस रीयूज' असं त्या उपक्रमाचं नाव. सगळं सामान नोंदवून कारागिरांना वाटलं, त्यांनी त्यातून शेकडो वस्तू घडवल्या आणि २०१५ मध्ये कँटरबरी म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. एका घरातून एवढं निघालं, तर बाकीच्या हजारो घरांतून काय गेलं असेल, हा हिशेब मी अनेकदा मांडायला घेतो आणि अर्ध्यावर सोडतो.

आता थोडं धंद्यातलं बोलतो, कारण उत्साहाच्या भरात लोक घासकागद घेऊन बसतात. १९८० च्या आधीचा रंग असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालावं. तो कोरडा घासायचा नाही आणि गरम हवेच्या बंदुकीनेही काढायचा नाही. पाणी लावून घासा नाहीतर रंग उतरवायचं रसायन वापरा, आणि लहान मुलांना लांब ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात शिसं तपासायचा संच मिळतो. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील आणि खाली पिठासारखी भुकटी पडत असेल, तर 'बोरर' किडा अजून आत आहे. तसं कपाट घरात आणण्यापूर्वी भोकांत औषध सोडा. आणि हिरवट झाक असलेला जुना पाइन दिसला तर त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असण्याची दाट शक्यता. त्याचे भाजीचे वाफे नकोत, आणि बार्बेक्यूत तर तो मुळीच जाळायचा नाही.

बागेकडे वळू. मासिकांत टेबलाच्या खणांत फुलं लावलेली चित्रं असतात, ती मला पटत नाहीत. ऑकलंडच्या पावसात तो खण दोन वर्षांत कुजणार, आणि इथल्या कडक उन्हात व्हार्निशची सालं निघणार. चांगलं लाकूड घरातच ठेवावं. बागेत लोखंड, वीट, काँक्रीट. आमच्याकडे लोखंडी पलंगाची तारांची जाळी कुंपणाला उभी केली आहे, तिच्यावर उन्हाळ्यात काकडी आणि घेवडा चढतो. पूर्वी इथल्या धुण्याच्या खोलीत काँक्रीटचे जोड-टब असत. तसा एक मिळाला, चौघांनी उचलून आणला. त्याचं भोक अर्धवट बुजवून त्यात अळू लावलं आहे. अळूचे पाय ओले राहतात आणि ते पसरतही नाही. आमचे सामोअन शेजारी त्याला टॅरो म्हणतात आणि कंद खातात. आम्ही पानं काढतो. थंडीत पानं झडतात, वसंतात पुन्हा फुटतात. भूकंपाच्या भीतीने बरेच लोक छपरावरची विटांची धुराडी उतरवतात. जुन्या धुराड्यांचा दर्जा चुन्याचा असल्यामुळे विटा सहज सुट्या होतात. आमचं तुळशीवृंदावन अशाच एका धुराड्याचं आहे. तुळस मात्र मे महिन्यात कुंडीसकट घरात घ्यावी लागते.

सध्या गॅरेजमध्ये एक मोडकी डचेस आहे. आरसा फुटलेला, एक पाय नाही, पण खण कौरीचे. तिचं काय करायचं यावर सौ.चा आणि माझा अजून एकमत झालेलं नाही. तिला मुलीसाठी अभ्यासाचं टेबल हवंय, मला माझ्या अवजारांसाठी खण हवेत. ट्रेलर आमच्याकडे आहे. कुणाला हवा असेल तर शनिवार सोडून कधीही न्यावा.