चौलला जायचं कसं?

अलिबागचा पांढरा कांदा तुम्ही खाल्ला असेलच. त्या अलिबागहून रेवदंड्याच्या वाटेला लागलं, की आक्षी, नागाव मागं टाकून साधारण १५ किलोमीटरवर चौल येतं. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या मधून वळणं घेत जाणारा चिंचोळा रस्ता. इथं एके काळी नामांकित शहर होतं, असं सांगितलं की माझ्या वर्गातली मुलं हसतात. “बाई, शहर? इथं साधा सिग्नलसुद्धा नाही!”

पण होतं खरं! मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत ‘चेमुल’चे, म्हणजे चौलचे रहिवासी आहेत. दहाव्या शतकात अल मसुदी हा अरब प्रवासी इथं येऊन गेला. पंधराव्या शतकात तर थेट रशियातून अफनासी निकितीन नावाचा व्यापारी आला. इराणजवळच्या होर्मुझ बंदरातून गलबतानं निघून समुद्रात सहा आठवडे काढले, तेव्हा त्याला चौल दिसलं. सोबत विकायला आणलेला एक घोडाही होता, बरं का! गोरा माणूस पाहून लोक आपल्या मागं मागं फिरतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. रेवदंड्यात आज त्याच्या नावाचा स्तंभ उभा आहे.

आता विचार करा, एवढी माणसं, एवढा माल कशावर चालत होता? वाऱ्यावर! पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तो अरबस्तानाकडची गलबतं इकडं ढकलायचा. हिवाळ्यात तो उलट फिरतो, मग तीच गलबतं परत जायची. अर्थात ऐन पावसात शिडं कोणी उभारायचं नाही, सुरुवातीचा नाहीतर शेवटचा वारा धरायचा. किनाऱ्यावर उतरलं की पुढं बैल, घोडे आणि आपले दोन पाय. (चौलच्या रामेश्वर मंदिरात पर्जन्यकुंड आणि अग्निकुंडाबरोबर एक वायुकुंडही आहे. वाऱ्यावर जगणाऱ्या गावाला ते शोभतंच, असं मला आपलं वाटतं.)

पुढं खाडी गाळानं भरत गेली, मोठी गलबतं आत येईनाशी झाली. तिकडं मुंबईचं बंदर वाढलं. शहर ओसरलं आणि वाड्या राहिल्या.

आज चौलला पुन्हा गर्दी होते, पण शनिवार-रविवारी. मुंबई-पुण्याच्या मोटारींची नुसती रांग लागते. पाहुणे येऊ देत, त्यांच्यावर कित्येक घरांची चूल पेटते. पण हा रस्ता वाड्यांच्या कुशीतून गेलाय. तो रुंद करायचा तर कुणाची तरी पोफळ जाणार. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात आणि तोडायला अर्धा तास पुरतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मोटारीनं येणं आणखी सोपं झालं. रेवसला करंजाशी जोडणारा पूलही व्हायचा आहे. मग काय होईल?

चला, एक गणित करू. अलिबाग ते चौल १५ किलोमीटर, प्रवासी ४४. एका मोटारीत चार जण बसले तर मोटारी लागल्या ११. एक लिटरमध्ये मोटार १५ किलोमीटर गेली, तर सगळ्या मिळून पेट्रोल ११ लिटर. तेच ४४ जण एसटीत बसले तर? एसटी लिटरमागं पाचच किलोमीटर गेली असं धरू. तरी डिझेल लागलं तीनच लिटर! जागेचं गणित तर आणखी मजेदार आहे. ११ मोटारी एकीला एक चिकटवून उभ्या केल्या, तरी ४० मीटरच्या वर रांग होते. एसटी १०-११ मीटरमध्ये आटोपते.

आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढं चालत जायचं. चौलला तसं जमणार नाही. इथं नारळ-सुपारी बाजारात न्यायची असते, आजारी माणसाला दवाखाना गाठायचा असतो. पण सहलीला आलेल्यांनी तरी मोटार घरी ठेवायला काय हरकत आहे?

मुंबईहून यायचा सोपा मार्ग सांगते. रस्त्यानं अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, कारण खाडीला वळसा घालावा लागतो. पाण्यावरून मात्र गेटवेहून लाँचनं तासाभरात मांडवा. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट आहे. हवा फारच बिघडली तर तीही थांबते, म्हणून आधी चौकशी करा. मांडव्याहून बसनं अलिबाग, तिथून रेवदंड्याची एसटी आणि चौल नाक्यावर उतरायचं. आईबाबा म्हणतील, “सामान कोण उचलणार?” तुम्ही उचला की!

उतरल्यावर पायीच फिरा. वाड्यांमधल्या पाखाड्यांत भर दुपारीसुद्धा सावली असते. रामेश्वराची पोखरण बघा, मग दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढा. वरून वाड्यांचे हिरवे शेंडे आणि पलीकडं समुद्र दिसतो. आपण आलो तो रस्ता कुठून गेलाय, ते तिथून शोधा. आमच्या मुलांनी खूप डोळे ताणले, पण झाडांखाली तो काही त्यांना सापडला नाही.