वरणफळांचा हिशेब

ज्या घरात आपण आयुष्यभर जेवलो, त्या घरातील जेवणाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, असे कोणी म्हटले तर ते वाचकांस अतिशयोक्तीचे वाटेल. माझ्यापुरते मात्र हे विधान अक्षरशः खरे आहे. आणि ते खरे आहे हे उमगण्यासाठी मला वयाची अडुसष्ट वर्षे व पत्नीचे मोडलेले मनगट, एवढी किंमत मोजावी लागली.

गेल्या श्रावणात अंगणातील शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पहिले चार दिवस शेजारधर्मावर निभावले. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा सकाळ-संध्याकाळ डबा आणून देई. पाचव्या दिवशी पावसाची झड लागली असताना अमेरिकेहून मुलीचा फोन आला. तिच्या मुलाला सर्दी झाली होती व तिने त्याच्यासाठी कोंबडीचे सूप केले होते. कोंबडी शिजवून तिच्या रसात भाज्या घालायच्या, त्यातच पिठाचे छोटे गोळे उकडायचे आणि शेवटी वरून साय ओतायची. त्या गोळ्यांना तिकडे डंपलिंग म्हणतात. कृती सांगून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, इतकं सोपं आहे की तुम्हीसुद्धा कराल.”

त्या ‘सुद्धा’ने माझा स्वाभिमान डिवचला. मी तत्काळ जाहीर केले की आज हे सूप आपल्या घरी होणार, आणि उपकारांची फेड म्हणून शेजारचा मुलगाही जेवायला येणार. पत्नीने बाजेवरूनच विचारले, “श्रावणात कोंबडी?” मी निरुत्तर झालो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “आणि त्यात नवीन ते काय? कोंबडीच्या जागी तुरीची डाळ घ्या अन् सायीच्या जागी तूप. झाली आपली वरणफळं!”

मी विचार केला तेव्हा हे अगदी खरे वाटले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील भागात हे गोळे पुष्कळदा गोळे नसतातच. कणीक लाटून तिच्या पट्ट्या कापतात आणि त्या उकळत्या रसात सोडतात. आमची फळे याहून वेगळी ती काय? सातारा-कोल्हापूरकडे त्यांनाच चकोल्या म्हणतात, गुजरातेत डाळढोकळी. तिकडच्या शेतकऱ्याने अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी तासन्‌तास शिजवावी आणि एवढ्याशा मांसात सारे कुटुंब जेववण्यासाठी तिच्या रसात कणीक सोडावी. इकडच्या कास्तकाराने कपाशीच्या ओळींत पिकलेल्या तुरीची मूठभर डाळ शिजवावी आणि तिच्यात कणीक सोडावी. जिन्नस थोडा आणि तोंडे फार, हा प्रश्न जेथे जेथे उभा राहिला, तेथे बायकांनी त्याचे हेच उत्तर काढलेले दिसते.

उत्तर सोपे असले तरी कृती सोपी नाही. डाळ शिजवून घोटली. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, गोडलिंब, हळद, तिखट यांची फोडणी झाली. चिंचेचा कोळ व गुळाचा खडा पडला. “अजून पाणी घाला,” बाजेवरून हुकूम आला, “फळं वरण पिऊन टाकतात.” कणकेत मीठ, हळद, ओवा व तेलाचे मोहन घालून ती घट्ट भिजवायची, जाडसर पोळी लाटायची व शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे. माझ्या पोळीचा आकार वर्धा जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला, पण कापल्यावर ते कोणाला दिसते? खरी चूक पुढे झाली. फळे खळखळत्या वरणात एकेक सोडायची असतात, म्हणजे पडताक्षणीच त्यांचे अंग उकडून निघते व ती एकमेकांना चिकटत नाहीत. मी पहिली ओंजळ एकदमच लोटली. तिचा जो एक प्रचंड गोळा झाला, तो उपसून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. उरलेली फळे मात्र मी शहाण्या माणसासारखी एकेक सोडली. ती तळाशी गेली, पाव घटकेने वर आली, आणि त्यांच्या अंगचे थोडे थोडे पीठ सुटून ते पाणीदार वरण हळूहळू दाट, तुकतुकीत झाले. वर सांबार भुरभुरला.

मी पाने वाढली. प्रथम माझे, कारण आजवर या घरात माझे पान पहिले आले नाही असे घडलेच नव्हते. मग त्या मुलाचे. त्याने आग्रहाविनाच दुसऱ्यांदा घेतले, तेव्हा मला कोण धन्यता वाटली! शेवटी पत्नीच्या पानावर वाढण्यासाठी गंजात डाव बुडवला, तो निव्वळ वरण वर आले. तळाशी दोन मोडकी फळे होती. मी ओशाळून तिच्याकडे पाहिले. ती सहज म्हणाली, “असू द्या. मला वरणच आवडतं.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

आमच्या लहानपणी घरात आठ माणसे होती. रोजची ती ज्वारीची भाकर, गहू सणावाराचा. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनच्या दुकानात मिळे, त्या दिवसांत तर थोडी कणीक पुरवून पुरवून वापरावी लागे. अशा वेळी वरणफळे होत. आई सर्वांच्या मागून बसे आणि तिच्या थाळीत पिवळेधमक वरण तेवढे असे. आम्ही विचारले की हसून सांगे, “मला वरणच आवडतं.” मी त्यावर विश्वास ठेवला. इतका, की ती गेल्यापासून तिच्या श्राद्धाच्या पानावर मी दरवर्षी आठवणीने वरण अधिक वाढायला लावीत आलो, आणि आईची आवड आपण विसरलो नाही याचे समाधान मानीत आलो.

नागपूर-वर्धा रस्त्यावरचे आमचे केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी येथील परंपरा आहे. बिहारातील आरा आणि बंगालातील बीरभूमकडची मंडळीही हा मान मागतात. त्यांच्याशी मला भांडायचे नाही. आमच्या टेकडीवरील सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना मी आजवर बकासुराची गोष्ट मोठ्या रंगात सांगत आलो: तो गाडाभर भात, ते दोन रेडे, तो एक माणूस, आणि राक्षसाच्या डोळ्यांदेखत त्याचेच अन्न खात बसलेला भीम. परंतु त्याच आदिपर्वात एक साधी गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. पांडव भिक्षा मागून आणीत. तिचा अर्धा वाटा एकट्या भीमाचा, आणि उरलेल्या अर्ध्यात चौघे भाऊ व कुंती. सारे महाभारत भीमाच्या भुकेविषयी बोलते. कुंतीच्या पानावर काय पडत असे, हे व्यासांनीही सांगितलेले नाही.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मला कळून चुकले की या घरात मी भीमाच्या वाट्यावर पोसला गेलो आहे. आधी आईच्या घासांतून आणि मग अडतीस वर्षे पत्नीच्या. भीमाने निदान बकासुर तरी मारला होता.

पत्नीचे प्लास्टर यथावकाश निघाले, पण बुधवारची वरणफळे माझ्याकडेच राहिली आहेत. आता मी फळे मोजून सोडतो व मोजून वाढतो. दोघांत हिशेब चुकत नाही. ती या मोजणीला हसते, कारकुनी म्हणते. म्हणो बापडी.

भाद्रपदात आईची तिथी आली. नैवेद्याच्या पानावर मी वरणफळे ठेवली. अकरा, सारी अखंड. त्यांवर तूप सोडले आणि कडेला चमचाभर वरण.

पत्नीने पानाकडे पाहिले. “वरण एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो आणि पान घेऊन अंगणात गेलो.