इस्लामपूरच्या बाजारातला न चिकटणारा तवा

मैत्रिणींनो, पुण्याहून कोल्हापूरकडे निघालात की कऱ्हाड मागं पडतं, कासेगाव-नेर्ले जातं आणि पेठ नाका येतो. तिथं महामार्ग सोडून सांगलीच्या रस्त्याला वळायचं, की थोड्याच वेळात इस्लामपूर! २०२५ साली सरकारनं गावाला ईश्वरपूर हे नाव जाहीर केलं. पण जुनं नाव इतक्या वर्षांचं, ते तोंडातून सहज कसं जाणार? एकीकडं कृष्णा, दुसरीकडं वारणा आणि मधे नजर पोचेल तिथवर ऊस. वाळवा तालुक्याचं हे मुख्य गाव, त्यामुळं आसपासच्या खेड्यांतल्या बायका भांडीकुंडी घ्यायला इथंच येतात.

भांड्यांच्या दुकानात शिरलात की लोखंडी कढया आणि पितळी पातेल्यांच्या शेजारी काळेभोर, तुळतुळीत नॉनस्टिक तवे मांडलेले दिसतील. आपल्याकडं कित्येकजणी त्याला अजून ‘निर्लेपचा तवा’च म्हणतात. त्याला कारण आहे. १९६८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबानं ‘निर्लेप’ हा कारखाना काढला आणि मराठी स्वयंपाकघरात हा तवा आला. पुढं २०१८ साली बजाज इलेक्ट्रिकल्सनं ती कंपनी घेतली. गंमत पाहा, नाव निर्लेप, पण सगळी करामत त्या लेपाचीच! तो लेप गेला की उरतो नुसता अॅल्युमिनियमचा पत्रा.

मग हा तवा टिकतो कशानं? त्याचं उत्तर याच ऊसपट्ट्यात मिळतं. साखराळ्याला साखर कारखाना झाला, गुऱ्हाळं कमी झाली. तरी कुठं गुऱ्हाळ चालू दिसलं तर जरूर थांबा. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत असतो, खाली चिपाडांचा जाळ असतो. काहिलीला कसलाच लेप नाही, तरी गूळ करपत नाही. का? रसात पाणी आहे तोवर त्याची उष्णता शंभर अंशांच्या आसपासच राहते. पाणी आटून पाक घट्ट झाला, की गुळव्या जाळ कमी करायला लावतो आणि ढवळणं थांबू देत नाही. गूळ उतरतो तेव्हाही पाक ११८ अंशांच्या जवळपासच असतो. आणि रिकामी काहील जाळावर कोणी ठेवत नाही.

आपण घरी नेमकं उलटं करतो! रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवायचा आणि मग पीठ कालवायला घ्यायचं. रिकामा तवा बघता बघता २६० अंशांच्या पुढं जातो. तिथून लेप बिघडू लागतो आणि ३५० च्या वर गेला तर विषारी धूर सुटतो. पिंजऱ्यातला पोपट त्या धुरानं दगावू शकतो, बरं का! तेव्हा आधी तेलाचे दोन थेंब, मग मध्यम आच, आणि खिडकी उघडी.

घेताना तवा हातात धरून पाहा. पातळ नको, तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर आच सारखी पसरते, मधेच करपत नाही. काचेवर ठेवून डुगडुगतो का पाहा. मुठीचे रिव्हेट हलवून बघा. आयएसआयचा शिक्का शोधा. अॅल्युमिनियम आणि स्टीलच्या भांड्यांना तो सक्तीचा करण्याचा आदेश केंद्र सरकारनं २०२४ साली काढला आहे. ‘पीएफओए-मुक्त’ असं लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण म्हणून तो कितीही तापवावा असं नव्हे.

घरी आणल्यावर उलथनं लाकडी वापरा. तारेची घासणी लांबच ठेवा. गरम तवा नळाखाली धरू नका, बूड वाकडं होतं. एकावर एक रचताना मधे जुनं फडकं घाला. काही करपलंच, तर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून तासभर भिजत ठेवा, मग मऊ फडक्यानं पुसा. लेपाचे पापुद्रे निघू लागले, की मन घट्ट करा आणि तवा बदला.

आणि सगळंच काही त्यावर करायला नको. घावन, आंबोळी, धिरडं, आम्लेट एवढ्यांना तो उत्तम. भाकरीला तव्याची खणखणीत आच लागते, तिथं लोखंडीच हवा. पिठलंही लोखंडी कढईतच करा. नॉनस्टिकमध्ये खरवड धरत नाही, आणि खरवडीवरून पोरांची भांडणं झाली नाहीत तर ते पिठलं कसलं!