वापरलेल्या मोटारीची परीक्षा : सातारा–पुणे मार्गावरील एक अनुभव
लांब पल्ल्याच्या नित्य प्रवासासाठी वापरलेली मोटार घेताना ग्राहकाची नजर प्रथम मीटरवरील किलोमीटरवर जाते. मात्र गाडीचा भरवसा जोखण्यासाठी हाच आकडा एकटा घेतला, तर तो सर्वाधिक फसवा ठरतो. शहरात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते आणि क्लच व ब्रेक यांना उसंत मिळत नाही, तर महामार्गावर वरच्या गिअरमध्ये एका लयीत धावलेल्या, म्हणजेच विक्रेत्यांच्या भाषेत ‘हायवे रनिंग’च्या गाडीची तेवढ्याच अंतरात पुष्कळ कमी झीज होते.

प्रस्तुत लेखिकेस २०२२ साली सातारा–पुणे या सुमारे ११० किलोमीटरच्या मार्गावर आठवड्यातून तीनदा ये-जा करावी लागत असे, म्हणजे वर्षाकाठी जवळपास ३० हजार किलोमीटर. एवढ्या वापराला डिझेल गाडी परवडेल असा हिशेब होता. तथापि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ या उत्सर्जन-मानकांनंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते, जी बराच वेळ सलग वेगाने चालल्यावरच साचलेली काजळी जाळून मोकळी होते, आणि शहरात वापरलेल्या गाडीत ती तुंबलेली असण्याचा संभव असतो. म्हणून त्याआधीच्या मानकांची, मूळ फियाटच्या १.३ लिटर इंजिनाची मारुती स्विफ्ट शोधण्याचे ठरले. हे इंजिन मारुती, टाटा व फियाट या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसवले गेले असल्याने याच मार्गावरील शिरवळच्या फिटरलाही ते नवे नव्हते, आणि वाटेत गाडी बंद पडणाऱ्यास याहून मोठा दिलासा नाही.

पहिली गाडी एमएच १० पासिंगची, अर्थात सांगलीत नोंदलेली, २०१७ सालची होती. मीटरवर ३८ हजार, रंग झळझळीत, सीटकव्हर कोरी. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात; येथे चारही टायरांवर १४२१ असे होते, आणि ३८ हजारांत चारही टायर बदलावे लागावेत हे सहज पटणारे नव्हते. सोबतच्या मेकॅनिकने बॉनेटला हातही न लावता चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, तेव्हा एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी गाळाची रेघ उमटलेली दिसली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीचे काय झाले हे सर्वांना ठाऊक असताना ‘गाडी नुसती पावसात उभी होती’ हा विक्रेत्याचा खुलासा ऐकून घेण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते. पुरातील गाडी वाळते, चालूही होते, पण वायरींच्या जोडांत शिरलेला ओलावा गंजाच्या रूपाने कित्येक महिन्यांनी दगा देतो.

अखेर निवडलेली गाडी त्याच मॉडेलची, पण १ लाख ४ हजार किलोमीटर चाललेली होती. एका औषधविक्री प्रतिनिधीने ती सातारा–कोल्हापूर पट्ट्यात वापरली होती आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या फाइलमध्ये क्रमाने लावलेल्या होत्या. मीटर मागे फिरवता येतो, पण दर दहा हजारांच्या पावत्यांची अशी साखळी मागाहून रचणे तितके सोपे नसते. इंजिन गार असताना सकाळी गाडी सुरू करून पाहण्यात आली व पुण्याकडून येताना खंबाटकी घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला, तेव्हा इंजिनाचे फेरे वाढूनही वेग मात्र वाढेना. यालाच क्लच घसरणे म्हणतात. झिजलेली क्लचप्लेट बदलता येते, त्यामुळे तेवढा खर्च किमतीतून वजा करून व्यवहार पुढे गेला.

अडले ते कागदावर. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज फिटले असले तरी बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ सादर झाल्याखेरीज तो उतरत नाही, आणि मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३० त्यानंतरच देणे शहाणपणाचे होते. तोवर टोकन म्हणून दिलेल्या पाच हजारांवर एक पैसाही द्यायचा नाही असे ठरल्याने पुढील तीन आठवडे पुण्याच्या फेऱ्या स्वारगेटच्या विनाथांबा एसटीनेच झाल्या.